बाभळीची फळबाग

मित्रांनो, मी एक जुनी आकडी आहे आणि मला राग आला आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की आधी उसासा टाकतात. खुर्ची म्हणते, माझा पाय मोडला. छत्री म्हणते, मला अडगळीत टाकले. माझे तसे काही रडगाणे नाही. माझा कळक अजून खणखणीत आहे, विळ्याला धार आहे, आणि माझ्या मालकिणीने मला एक दिवसही उन्हात टाकून दिलेले नाही. तरी मी रागावले आहे. का, ते पूर्ण सांगितल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

आकडी म्हणजे काय हे तुमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसेल. चौदा फूट लांब कळकाची, म्हणजे बांबूची, काठी आणि तिच्या टोकाला घट्ट बसवलेला वाकडा लोखंडी विळा, म्हणजे मी. उंच झाडाची डहाळी विळ्यात अडकवायची, खाली हिसका द्यायचा, की डहाळी भुईवर आणि शेरडे डहाळीवर. शेरडे म्हणजे शेळ्या, हे तरी ठाऊक असेल अशी आशा करते.

मला झुंबरने बनवले. इंदापूरच्या बाजारातून त्याने कळक आणला, जाळावर शेकून सरळ केला, करडईचे तेल पाजले आणि भवानीनगरच्या एका लोहाराकडून विळा घडवून घेतला. त्या वेळी त्याची नात मोना पाळण्यात होती. मोनाचे आईबाप वालचंदनगरला कामाला असत, त्यामुळे पोर आजी-आजोबांजवळच वाढली. म्हणजे तिचे वय तेच माझे वय, तेवीस. झुंबर चार वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून मी त्याच्या बायकोच्या, छबूबाईच्या हातात आहे. तिची उंची पाच फुटांना कमी आणि मी चौदा फूट. बघणाऱ्यांना हसू येते. झाडाखाली उभी राहून तिने एकदा हिसका दिला की ते हसू थांबते.

आमचे गाव इंदापूर तालुक्यात, कालव्याला लागून आहे. कालव्याच्या खाली ऊसच ऊस. वरच्या अंगाला पाणी चढत नाही, तिथे माळ आहे, गावाचे गायरान आहे, आणि त्या गायरानात सहा एकर बाभळ आहे. उन्हाळ्यात जेव्हा माळावर गवताची काडी उरत नाही, तेव्हा छबूबाईची पस्तीस शेरडे त्या बाभळीच्या पाल्यावर आणि शेंगांवर जगतात. दुसरा चारा तिला नाही. तिला स्वतःचे शेत नाही, विहीर नाही. ती बाभळ हेच तिचे सगळे.

पण वाटेल तसा पाला ओरबाडायचा नाही, अशी तिच्या सासरची शिस्त आहे. सहा एकरांचे तीन पट्टे पाडलेले आहेत, दोन-दोन एकरांचे, रस्त्यापासून डोंगराकडे सरळ जाणारे. एका उन्हाळ्याला एकच पट्टा उतरवायचा. उतरवलेल्या झाडांना मग दोन वर्षे विसावा. तिसऱ्या वर्षी पुन्हा त्यांची पाळी. झुंबर म्हणायचा, "भुकेल्या शेरडाकडं बघून पट्टा मोडायचा न्हाय. पट्टा मोडला तर पुढल्या साली शेरडूबी न्हाय आन् झाडबी न्हाय." त्यामुळे आमच्या रानात कधीही जा, एक पट्टा नऊ-दहा फुटांचा, दुसरा चौदा-पंधरा फुटांचा आणि तिसरा वीस फुटांचा. हे लक्षात ठेवा. पुढे ज्यांनी हे लक्षात घ्यायला हवे होते, त्यांनी घेतले नाही.

मोना शिकली. बारामतीत भूगोल घेऊन पदवीधर झाली आणि तिथेच एका खाजगी कार्यालयात नोकरीला लागली. हे कार्यालय नकाशे करून देते. रविवारी घरी आली की मोना आजीला आपले काम समजावून सांगायची, आणि दाराशी उभी राहून मीही ऐकायची.

"विमान वरनं जातं, आजे. त्यातनं लेसरचा झोत खाली सोडत्यात. काही किरणं झाडाच्या शेंड्यावर आपटून माघारी जात्यात, काही पानांमधनं भुईपतूर येत्यात. दोन्हीतला फरक म्हंजी झाडाची उंची. सगळ्या तालुक्यात हातहातभर जागंची उंची अशी मोजलीया."

"बरं. मग तू काय करतीस?"

"मी संगणकावर त्या उंचीचा नकाशा बगते. रानाच्या माथ्याचा पोत काढते." मग तिने आजीची गोधडी पुढे ओढली. "डोळं मिट आन् हिच्यावरनं हात फिरव. टाके सरळ हायत का वेडेवाकडे, कळतंय न्हवं? तसंच. शेजारशेजारची उंची कशी बदलती, ते सॉफ्टवेअर मोजतं. ऊस सपाट लागतो. आपोआप आलेलं रान खडबडीत लागतं, उंच-ठेंगणं कसंबी. आन् लावलेली बाग ओळीनं लागती."

छबूबाईने गोधडीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "डोळं मिटून कशाला? उघडून बगावं की."

मोना हसली. मी तेव्हा हसले नाही आणि आता तर मुळीच हसत नाही.

मार्गशीर्षात मोना म्हणाली, "आजे, आकडी दोन महिनं दे. लेसरनं दिलेली उंची खरी हाय का, ते मोजून बगायला लांब काठी पायजे. हाफिसातली मोडलीया." उन्हाळा दूर होता, म्हणून आजीने मला दिले. मोनाने माझा विळा काढून घरी ठेवला आणि माझ्या अंगावर फुटाफुटाला लाल-पांढरे पट्टे रंगवले. मग टेम्पोच्या टपावर आडवी होऊन मी बारामतीला गेले. सांगवीच्या रस्त्याला आम्ही कितीतरी कडुनिंब आणि चिंचा मोजल्या. मोना मला हात उंचावून झाडाशी धरायची आणि कागदावर आकडा लिहायची. लेसर म्हणे साडेअठरा फूट, मी म्हणे साडेअठरा फूट. मोनाचे साहेब विजयसिंह यांनी माझ्या अंगावर थाप मारली आणि म्हणाले, "काठी एकदम चोख आहे." त्या वेळी मला बरे वाटले होते. खोटे कशाला बोलू?

मग मला मोनाच्या खुर्चीमागच्या कोपऱ्यात उभे केले. तिथून तिचा पडदा स्वच्छ दिसायचा. सरकारी जमिनींवर रान किती, बाग किती, मोकळी जागा किती, असा नकाशा कार्यालयाला सरकारकडे द्यायचा होता. सगळा तालुका चौकोनांत कापलेला होता. चौकोनाला गावाचे नाव नाही, फक्त क्रमांक. आधी पडद्यावर उंचीची काळी-करडी छाया यायची, मग मोना पोत काढायची आणि चौकोनाला रंग द्यायची. दिवसाला तीस चौकोन संपलेच पाहिजेत, असा साहेबांचा नियम होता. खाली जमिनीचा साधा फोटोही होता. तो बघायला फक्त एक कळ दाबावी लागे. फोटो उघडायला दोन-तीन मिनिटे लागत, म्हणून ती कळ कुणी दाबत नसे.

एका दुपारी पडद्यावर दोनशे बारा नंबरचा चौकोन आला. त्यात तीन सरळ पट्टे होते. एक गडद, एक मध्यम, एक फिकट. मित्रांनो, मी ते पाहताक्षणी ओळखले. त्यातली एकेक पायरी मी माझ्या विळ्याने घातलेली होती. तो फिकट पट्टा आम्ही गेल्याच उन्हाळ्यात उतरवला होता. माझ्या पुढ्यात आमचे रान होते, आणि माझ्यापुढे हातभर अंतरावर बसलेली त्या रानात वाढलेली पोर त्याच्याकडे बघून डोके खाजवत होती.

"सर, जरा बघता का? हे काय असेल?" तिने विचारले.

विजयसिंह मागून वाकले. "सरळ रेघा आहेत. सरळ रेघा देव मारत नाही, माणूस मारतो. तीन वेळा लावलेली बाग आहे. गायरानात कुणीतरी अतिक्रमण केलंय. फळबाग कर आणि पुढं चल."

"एकदा जाऊन बघून यायचं का?"

"मोना, असे नऊशे चौकोन आहेत. प्रत्येकाला गाडी काढली तर आपण म्हातारे होऊ."

मोनाचा हात क्षणभर थांबला. फोटोची ती एक कळ तिच्या बोटापासून चार बोटांवर होती. मग तिने दुसरी कळ दाबली आणि आमची बाभळ फळबाग झाली. लेसरने लबाडी केली नव्हती. जितकी उंची होती तितकीच त्याने सांगितली होती. यंत्राला मी दोष देत नाही. दोष कुणाचा, ते मी त्या कोपऱ्यातून ओरडून सांगितले असते. पण काठीला तोंड कुठे असते? नको तिथे तोंड असणारी माणसे मात्र मी रोज बघत होते.

संक्रांतीला मोनाने मला घरी आणून पोचवले. मला पुन्हा विळा बसला. पुढे माघात एके सकाळी गावचा कोतवाल माऊली दूध घालायच्या ठिकाणी आला आणि त्याने सगळ्यांसमोर नोटीस वाचली. गायरान गट एकशे अकरामध्ये बेकायदा फळबाग आढळली असून ती पंधरा दिवसांत स्वतः काढून घ्यावी, नाहीतर यंत्राने काढली जाईल. छबूबाई तिथेच किटली घेऊन उभी होती.

आता गंमत बघा. गंमत म्हणते, पण तळपायाची आग मस्तकात जाते. आप्पासाहेब म्हणून गावातले मोठे बागायतदार आहेत. गायरानाला लागून त्यांची डाळिंबाची बाग आहे. फळबाग म्हटल्याबरोबर सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितले. आप्पासाहेबांच्या तोंडचे पाणी पळाले. ते दुसऱ्याच दिवशी मोजणीची कागदपत्रे घेऊन तालुक्याला धावले आणि संध्याकाळी छाती पुढे काढून परत आले.

"आमची बाग एकशे अकरात न्हाय. चार हात अलीकडं हाय. नोटीस आपल्या बागेची न्हाय, लेखी आणलंय," ते दूध घालायच्या ठिकाणी म्हणाले.

"मग कुणाची हो?" माऊलीने विचारले.

"कुणाची का असंना. एकशे अकरात बागच न्हाय. हाफिसात कुणीतरी चुकलं आसंल."

छबूबाईसुद्धा म्हणाली, "व्हय तर. तितं बाभळीबिगर हायच काय?" आणि किटली घेऊन घरी आली. एकशे अकरा हा आपल्या बाभळीचाच गट आहे हे तिला चांगले ठाऊक होते. पण नोटीस फळबागेची होती, आणि बाभळीला फळबाग म्हणणारा माणूस जगात असेल असे तिच्या काय, गावातल्या एकाच्याही मनात आले नाही. शहाणी माणसे इतकी वेडी असू शकतात यावर अडाण्याचा विश्वास बसत नाही. तिने रविवारी मोनालाही सांगितले नाही. सांगण्यासारखे त्यात तिला काही वाटलेच नाही. पंधरा दिवस असे निघून गेले.

सोळाव्या दिवशी सकाळी आम्ही रानात पोचलो. वीस फुटी पट्टा यंदा उतरवायचा होता. उतरवणी पाडव्याला सुरू होते आणि त्याला अजून तीन आठवडे होते, पण माळ आताच वाळला होता, म्हणून छबूबाई कुठल्या झाडापासून सुरुवात करायची ते बघायला आली होती. तेवढ्यात रस्त्यावरून पिवळा जेसीबी आला. त्याच्या पुढे एक चारचाकी होती. तिच्यातल्या सरकारी साहेबाने खाली उतरायचीही तसदी घेतली नाही. काच खाली करून त्याने पत्र वाचले, जेसीबीच्या चालकाच्या हातात नकाशा दिला आणि गाडी वळवून गेला. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते हेच. त्या शेळ्या कुणाच्या होत्या, एवढेच त्याला माहीत नव्हते.

चालकाचे नाव शंभूराज. मिशा पिकलेला, गरीब माणूस. छबूबाई मला आडवी धरून त्याच्या यंत्रापुढे उभी राहिली.

"काय करतुयास?"

"आजी, बाजूला व्हा. बाग काढायचीया."

"कसली बाग? ह्या बाभळी हायत."

"मला दिसत्यात की. पर कागदात बाग हाय."

"तुला दिसतंय न्हवं? मग तुज्या डोळ्याचं ऐक."

"डोळ्याचं ऐकलं तर माजं काम जाईल, आजी." तो खरेच वाईट तोंड करून म्हणाला. "तुमी वर बोला कुणाशी तरी. मला सांगून उपेग न्हाय."

वर म्हणजे कुणाशी? तिने पदरातून फोन काढला आणि मोनाला लावला. मोनाच्या कार्यालयात कामाच्या वेळी फोन खणात ठेवायचा नियम होता. एकदा वाजला, दोनदा वाजला, तीनदा वाजला. तोपर्यंत शंभूराजने यंत्र मागे घेतले, लांबून वळसा घातला आणि पलीकडच्या कडेचा पट्टा धरला. तोच वीस फुटी पट्टा. छबूबाई धावली. मला घेऊन ती एका झाडापुढे उभी राहायची तोवर तिकडे दोन झाडे आडवी व्हायची. साठी उलटलेली बाई दोन एकर रानाला किती ठिकाणी आडवी पडणार? शेरडे बिचारी आनंदाने पडलेल्या झाडांवर तुटून पडली. त्यांना काय कळणार, की ती चार महिन्यांचे जेवण एकाच दिवशी पायाखाली तुडवत आहेत.

चौथ्यांदा मोनाने फोन घेतला. पाऊण तासात ती कुणाच्या तरी दुचाकीवरून आली. तोवर पट्टा भुईसपाट झाला होता आणि जेसीबी मधल्या पट्ट्याकडे तोंड करून उभा होता. मोनाने शंभूराजच्या हातातला नकाशा ओढून घेतला. तीन सरळ पट्टे, त्यावर हिरवा रंग आणि कोपऱ्यात दोनशे बारा. तिचा चेहरा असा उतरला की मला क्षणभर तिची दया आली. क्षणभरच.

"आजे," ती म्हणाली, "ह्यो रंग म्या दिलाय."

छबूबाईला आधी कळलेच नाही. मग कळले. ती मोठ्याने बोलली नाही.

"तुला आपलं रान वळखू आलं न्हाय?"

"वरनं कसं दिसतं ते कधी बगितलंच नव्हतं, आजे."

"आन् खालनं बावीस वर्सं बगितल्यालं, ते इसारलीस?"

मोनाने विजयसिंहांना फोन लावला. मी तिच्या आजीच्या हातात होते, मला सगळे ऐकू आले. "मोना, शांत हो," ते म्हणत होते. "चूक झाली असेल तर आपण आतल्या आत दुरुस्त करू. लेखी काही देऊ नको. लेखी दिलंस तर सगळे नऊशे चौकोन पुन्हा तपासायला लावतील आणि मग तुझी नोकरी मी वाचवू शकणार नाही."

मोनाने फोन बंद केला. नकाशाची मागची बाजू जेसीबीच्या चाकावर धरून तिने लिहिले, की ही फळबाग नाही, पाल्यासाठी राखलेले बाभळीचे रान आहे, नकाशा मी केला आहे, मी जागेवर जाऊन बघितले नाही, चूक माझी आहे. खाली पूर्ण नाव आणि सही केली. शंभूराजने दोनदा वाचले, त्याचा फोटो काढून आपल्या मालकाला पाठवला आणि किल्ली फिरवून यंत्र बंद केले. "हे आसलं कुणी लिवून दिलं की आमाला थांबता येतं," तो म्हणाला. "कुणी देत न्हाय."

एवढे मात्र मी मोनाच्या बाजूने सांगते. कळ दाबायला चुकली, पण सही करायला चुकली नाही. दोन पट्टे त्या सहीमुळे उभे आहेत.

आठ दिवसांनी विजयसिंह स्वतः आले. बैल गेला नि झोपा केला, दुसरे काय? तपासणीचा हुकूम सुटला होता आणि दुरुस्तीचा अहवाल द्यायचा होता. मोनाला त्यांनी अजून काढले नव्हते, कारण अहवाल लिहायला तीच लागणार होती. त्यांनी उरलेल्या बाभळीच्या सावलीत घडीची खुर्ची मांडली. मोनाने मांडीवर लॅपटॉप उघडला. मला पुन्हा मोजणीला घेतले. एका झाडाला लावले, दुसऱ्याला लावले. आकडे पुन्हा जुळले.

"बघ, अर्ध्या फुटाचाही फरक नाही," विजयसिंह खूष होऊन म्हणाले. "आता पाडलेल्या पट्ट्यात झाडं किती होती?"

मोनाने मोजून सांगितले, "त्रेसष्ट. प्रत्येकाची जागा आणि उंची आपल्याकडे आहे. पाडण्याआधीचं सगळं जसंच्या तसं आहे."

"उत्तम. एकही झाड हरवलेलं नाही. फार चांगला डेटा आहे." मग ते छबूबाईकडे वळून समजुतीच्या आवाजात म्हणाले, "आजी, काळजी करू नका. तुमची सगळी झाडं आमच्याकडं सुरक्षित आहेत."

छबूबाई शेरडांच्या मधोमध उभी होती. पाडलेल्या झाडांचा पाला तीन-चार दिवसांतच वाळून गेला होता आणि कालपासून तिने शेरडांना माळावरचे धसकट चघळायला सोडले होते. ती पुढे आली. लॅपटॉपच्या पडद्याकडे तिने नीट वाकून बघितले.

"हितं हायत व्हय सगळी?"

"हो, आजी. त्रेसष्टच्या त्रेसष्ट."

"मग साहेब, त्यातनं पाला काढून द्या," ती म्हणाली. "रोजच्याला दोन भारं लागत्यात. जेठ संपंपतूर."

मोनाने लॅपटॉप बंद केला आणि ती खाली मान घालून रडू लागली. छबूबाईने तिला गप्प केले नाही. नेहमी करते. त्या दिवशी नाही केले.

आता वैशाख चालू आहे. नकाशा दुरुस्त झाला. मोनाने त्यात एक नवा रंग घातला आहे, पाल्यासाठी राखलेल्या रानाचा. तपासणीत तालुक्यात अशी आणखी अकरा राने सापडली. साहेब लोकांनी त्याचे कौतुक केले म्हणे. इकडे माळावर छबूबाईने उरलेल्या दोन पट्ट्यांना हात लावलेला नाही. शेजारणींनी तिला सांगितले, की यंदा मधला पट्टा उतरव, कोण बघायला येतंय. ती नाही म्हणाली. पस्तीस शेरडांतली एकवीस शेरडे बाजारात गेली. त्यातली पाच गाभण होती. दावी सोडताना तिने प्रत्येकीच्या कपाळाला हात लावला आणि दावी तेवढी परत आणली. आणि मी, जिने तेवीस उन्हाळे एक दिवस सुट्टी घेतली नाही, ती यंदा नुसती उभी आहे. म्हणून मला राग आला आहे, मित्रांनो. आणि तो ओसरावा असे मला वाटत नाही.

माझी काळजी घ्या, मला तेल लावा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्यातली काही मुले उद्या मोनासारखी पडद्यापुढे बसतील. जरूर बसा, ते चांगले काम आहे. पण एखाद्या रानाला रंग देण्याआधी फोटोची ती एक कळ दाबा. तरी शंका उरली तर गाडी काढा. बारामतीपासून आमच्या माळापर्यंत पाऊण तास लागतो. तिथे पोचलात की हे रान कसले आहे ते विचारा. छबूबाई रोज सकाळी आठपासून तिथेच असते. झाडे पाडण्याआधी तिला कुणीही विचारले नव्हते.